तगरवाडीची वहिवाट

लोकशाही दिनाच्या सोमवारी तहसील कचेरीच्या आवारात मोटारसायकल लावायला जागा सापडली, तर ते त्या माणसाचं नशीब म्हणायचं. सकाळपासून खेड्यापाड्यांतली माणसं येऊन लिंबाच्या सावलीत बसलेली असत. कुणाची मोजणी अडलेली, कुणाच्या गल्लीत नळाला पाणी नाही, कुणाच्या आईचं निराधारचं मानधन बंद पडलेलं, तर कुणाचा शेजारी बांध कोरून कोरून अर्ध्या वावरात येऊन बसलेला. सभागृहात लांब टेबलामागे तहसीलदार धम्मप्रिया मॅडम, त्यांच्या उजव्या हाताला नायब तहसीलदार संगमेश बिराजदार आणि दाराशी अव्वल कारकून हनुमंत, जो एकेकाचं नाव पुकारून आत सोडायचा. संगमेशला हे काम छान जमायचं. समोरच्याचं ऐकताना मान कधी हलवायची, 'अरेरे' कुठे म्हणायचं आणि 'बघतो, करून टाकू' कुठल्या सुरात म्हटलं की माणूस समाधानानं उठतो, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. लोक त्याला चांगला साहेब म्हणत, आणि तो काही वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

त्या सोमवारी हनुमंतानं 'तगरवाडी' असं पुकारलं आणि पाण्याच्या ग्लासाकडे निघालेला संगमेशचा हात मध्येच थांबला. तगरवाडी त्याचं गाव. तिथलं वडिलोपार्जित वावर त्यानं वडिलांच्या माघारी विकलं होतं, घराला कुलूप घालून आईला इथे तालुक्याच्या गावी आणलं होतं, आणि त्यानंतर त्या वाटेला तो फिरकला नव्हता.

आत आले ते वीरण्णाकाका. लहानपणी संगमेशला खांद्यावर बसवून जत्रेला नेणारे, आता पाठीत वाकलेले. त्यांनी धोतराचा सोगा सावरला, मॅडमना हात जोडले आणि संगमेशकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"मॅडम, आमच्या लिंगायत मसणवट्याचा रस्ता बंद हाय. माणिकप्पा बिराजदार व्हते तवर त्यांच्या बांधावरनं जात व्हतो. आता तिथं तारा ठोकल्यात. परवा माझी बायको गेली, अयोध्या नाव तिचं. वढ्यातनं न्यावं लागलं तिला. वढ्याला पाणी व्हतं, पोरांचा पाय घसरला आन् विमान कलंडलं. डाव्या अंगावर पडली ती पाण्यात. तशीच उचलली, तशीच वली बसवली मातीत."

लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही निजवत नाहीत. कपाळी विभूती लावून, मांडी घालून, ताठ बसवून सजवलेल्या विमानातून वाजतगाजत नेतात आणि बसल्या स्थितीतच मातीआड करतात. असं बसलेलं माणूस ओढ्यात कलंडावं, यापरती विटंबना नाही. हे मॅडमना कितपत कळलं कोण जाणे, पण त्यांचा चेहरा उतरला. "बिराजदार, स्वतः जाऊन स्थळपाहणी करा आणि अहवाल द्या," त्या म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात वीरण्णाकाकांनी त्याला गाठलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण म्हातारा म्हणाला, "शरणार्थ, संगमेशप्पा. काम तुमच्याकडंच आलं, लई बरं झालं. घरचा मानूस हाय म्हनल्यावर आता काळजी न्हाई."

संगमेशनं मान हलवली, बरोब्बर जिथे हलवायची तिथे. आणि मनात त्याची त्यालाच लाज वाटली.

कारण ती तार कुणामुळे लागली, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वडिलांचं, माणिकप्पांचं वावर आणि मसणवटा एकमेकांना लागून. 'गाव शेवटचं माझ्या बांधावरून जातंय, आणखी कसलं पुण्य पाहिजे?' असं ते आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे. पण वावर विकायला काढलं तेव्हा घेणारा भुजंगराव अडून बसला. मढी जाणारं रान मी घेत नाही, रस्ता नाही असं लिहून देत असाल तर बोला. संगमेशनं लिहून दिलं. या जमिनीतून कुणाचीही वहिवाट नाही, आणि खाली सही. लातूरच्या फ्लॅटचं काम तेव्हा अर्धवट अडलं होतं. एका ओळीनं कुणाचं काय बिघडतंय, असं त्यानं स्वतःला समजावलं. भुजंगरावानं महिनाभरात काटेरी तार ओढली आणि बांधासकट सगळ्यावर ऊस लावला.

आता खरी स्थळपाहणी करायची म्हणजे आपल्याच सहीचा कागद वर काढायचा. गावानं विचारायचं, मॅडमनी विचारायचं, आणि सर्वांत शेवटी आईनं.

"साहेब, गाडी काढायला सांगू का तगरवाडीला?" हनुमंतानं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"जाऊन आलो असं धर," संगमेश म्हणाला.

हनुमंत या खात्यातच म्हातारा व्हायला आलेला, त्याला फोड करून सांगावं लागत नव्हतं. याला कचेरीत खुर्चीवरची पाहणी म्हणत. गावाला जायचं नाही, धूळ खायची नाही. कचेरीसमोरच्या हॉटेलात चहा पीत बसलेले दोन ओळखीचे पंच सह्या करून जातात आणि तक्रार निकाली निघते. कचेरीतला कुणीच याला पाप मानत नसे. संगमेशनं स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणी केली असता मसणवट्याचा रस्ता खुला असून वहिवाट सुरळीत चालू आहे.' लिहिताना हात अडला नाही, याचंच त्याला मागाहून नवल वाटत राहिलं.

त्या दिवशी घरी जेवताना त्याला आईच्या डोळ्याला डोळा देववेना. त्याची बायको दामिनी नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला एका कॉलेजात शिकवायची आणि मुलांना घेऊन तिकडेच राहायची. इथे घरात मायलेक दोघंच. जगदेवीबाईंनी त्याच्या ताटात शेंगदाण्याची चटणी वाढली, वर तेल सोडलं, आणि नेहमीचंच बोलणं काढलं.

"संगू, माझं काही झालं तर इथं कुठं नको ठिवू बाबा. त्यांच्या बगलंला जागा धरून ठिवलीय मी. तगरवाडीलाच न्यायचं. कबूल हाय न्हवं?"

"हो गं आई. किती वेळा सांगू?"

"किती येळा म्हंजे? जाईपत्तोर इचारीन," म्हातारी हसली.

तिला तारेचं ठाऊक नव्हतं. संगमेशच्या डोळ्यापुढे ओढा आला, विमान आलं, आणि विमानात आई.

पुढच्या लोकशाही दिनाला वीरण्णाकाका पुन्हा आले. हनुमंतानं नाव पुकारलं तेव्हाच संगमेशनं समोरच्या फाईलीत डोकं घातलं. आता म्हातारा टेबलावर हात आपटणार, साहेब खोटं बोलला म्हणून सगळ्यांदेखत सांगणार. पण काकांच्या हातात नारळ होता. तो त्यांनी मॅडमच्या पुढे ठेवला आणि म्हणाले, "रस्ता खुला झाला, मॅडम. बिराजदारसाहेबांचे लई उपकार. गावाला घरपण आलं बगा."

मॅडम खूश झाल्या. लोकशाही दिनाला आभार मानायला येणारा माणूस विरळाच. संगमेशला वाटलं, भुजंगरावाला देवानं सुबुद्धी दिली असेल. जेवणाच्या सुट्टीत त्यानं फोन लावला.

"तार काढलीत म्हणे, भुजंगराव?"

"म्या? कशापायी काढू?" पलीकडून खेकसणं आलं. "ऊस छातीबरोबर उभा हाय. सशाला शिरायला जागा न्हाई, न् रस्ता कुठला? कुणी सांगितलं तुमाला?"

संगमेशनं फोन ठेवला. म्हाताऱ्याचं बायकोच्या मागं डोकं फिरलं असावं, दुसरं काय. पण त्याच आठवड्यात तगरवाडीची आणखी दोन माणसं कचेरीत आली आणि हात जोडून गेली. एक बाई तर डोळ्याला पदर लावून म्हणाली, "साहेब, माझं लेकरू तुमच्यामुळं घरी आलं." कुठून आलं, हे विचारायचं संगमेशच्या अगदी ओठावर होतं. त्यानं विचारलं नाही. संध्याकाळी हनुमंत सहज बोलून गेला की त्या बाईचा मुलगा मागच्या उन्हाळ्यात विहिरीत पडून वारला होता. तेव्हा मात्र संगमेशला बसवेना.

रविवारी भर दुपारी तो एकटाच गाडी घेऊन तगरवाडीला गेला. आधी वावराकडे. तार जशीच्या तशी, गंज चढलेली, ताणलेली. पलीकडे ऊस दाट, गच्च. तो तारेच्या कडेकडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. कुठे फट नाही, मोडलेलं पान नाही, पायवाटेचा मागमूस नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. आपलं लिखाण खोटं होतं ते खोटंच आहे, याचा एखाद्याला इतका आनंद व्हावा!

मग तो गावात शिरला. लिंगायत गल्लीत ऊन सांडलेलं होतं आणि माणसं होती, पण मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. घरात कुणी निजलेलं असावं आणि त्याची झोप मोडू नये, असं सगळे बेतानं वागत होते. दारोदार पाण्यानं भरलेला तांब्या उंबऱ्याशी ठेवलेला. त्याला पाहून बायका जोत्यावरून उठून उभ्या राहिल्या, एका म्हातारीनं तर त्याच्या पायाला हात लावला. तो शरमून मागे सरला.

"या, साहेब, या," वीरण्णाकाका दारातच भेटले. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा, पाठ पूर्वीपेक्षा सरळ. "बसा. चहा टाकतो. ती आतच हाय."

"कोण?"

काकांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. दार अर्धं उघडं होतं. आत अंधार, आणि त्या अंधारात भिंतीकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून, कुणी बाईमाणूस मांडी घालून बसलेलं होतं. पाठ इतकी ताठ की जिवंत माणसाला तसं बसून राहवणार नाही. हिरवं लुगडं होतं. उजव्या बाजूनं ते कोरडं ठणठणीत, आणि डाव्या बाजूनं खांद्यापासून खालपर्यंत ओलं, अंगाला चिकटलेलं. खाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर पाण्याचा लहानसा ओघळ आला होता.

"तेवढं वाळतच न्हाई बगा," काका हळूच म्हणाले. "रोज उन्हाला बसवून बगितली. बोलत बी न्हाई. पन हाय, घरात हाय. मला तेवढं बास हाय."

संगमेश दारापासून मागे सरला. तो म्हणाला, "काका, रस्ता कुठंय? मी आत्ता बघून आलो. तिथं ऊस आहे."

"आमाला बी न्हाई दिसत." म्हाताऱ्यानं साधेपणानं सांगितलं. "पन तुमी खुला म्हनून लिवलं न्हवं? सरकारी कागद हाय. आमी जायाला मागितला व्हता साहेब. वाट काय, खुली झाली की दोन्ही अंगानं चालती."

संगमेश उठला. चहा नको, काही नको, त्याला फक्त गाडीपर्यंत पोचायचं होतं. काका त्याच्या मागोमाग गल्लीत आले, आणि चांगली बातमी सांगताना माणसाचा चेहरा उजळतो तसा त्यांचा उजळलेला होता.

"तुमचे वडील बी आल्ते. दोन दिस तुमच्या घराच्या जोत्यावर बसून व्हते, कुलपाकडं बगत. आमालाच बगवंना. मग तुमच्या तालुक्याच्या घराचा पत्ता सांगितला, काल सकाळीच निगालेत. चालीनं जरा सावकाश हायत, पन पोचतील."

गाडी कशी चालवली, ते त्याचं त्यालाच आठवेना. रस्त्याकडेनं चाललेल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे तो बघत होता आणि बघायला भीत होता. घरी आई टीव्हीसमोर शेंगा सोलत बसली होती. कुणी आलं होतं का, विचारल्यावर म्हणाली, "कोन येतंय आपल्याकडं?" त्यानं कडी लावली, वरची लावली, मागच्या दाराची लावली, आणि लावता लावता त्याला रडू कोसळलं. जन्मभर ज्यांनी कुणाला आपल्या बांधावरून माघारी पाठवलं नाही, त्या माणसाला आपण दार लावून घेतोय. वडील गेल्याचं दुःख त्याला तेव्हासुद्धा इतकं झालं नव्हतं. पण कडी त्यानं काढली नाही.

आईला हे सांगावं, असं त्या रात्री कितीदा मनात आलं. सांगितलं असतं तर म्हातारीनं दार उघडं टाकून वाट बघितली असती. तिला ते भेटले असते, आणि मग त्यांनी तिला सांगितलं असतं. तार कुणी लावली, कुणाच्या सहीनं लावली. तोंड दाखवायला जागा उरली नसती. भीती भुताची होती की या बोलण्याची, हे संगमेशनं स्वतःला विचारलं नाही.

सकाळी कचेरी उघडल्या उघडल्या तो मॅडमसमोर उभा राहिला. सगळं सांगितलं, म्हणजे सांगण्याजोगं सगळं. स्थळपाहणी केली नव्हती, अहवाल खुर्चीत बसून लिहिला, वावर मूळचं आमचंच, रस्ता बंद आहे. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"बिराजदार, निलंबन होईल. कळतंय ना? आणि तक्रारदार तर नारळ देऊन गेला. आता हे कशासाठी?"

"खरं तेच लिहायला हवं, मॅडम," तो म्हणाला. माणसाला खरं बोलायलाही कारण लागतं. त्याला ते मिळालं होतं. त्याच टेबलावर बसून त्यानं दुसरा अहवाल लिहिला, 'रस्ता पूर्णतः बंद आहे. पूर्वीचा अहवाल रद्द समजावा.' या वेळी मात्र हात अडला. पण सही केली आणि छातीवरचा धोंडा उतरला. हनुमंतानं आणलेला चहा त्याला कधी नव्हे इतका गोड लागला. नोकरी गेली तर गेली, तो मनात म्हणाला. निदान आता कुणी येणार नाही, आणि खोटंही राहिलं नाही. एकाच सहीत दोन्ही कामं उरकल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं, आणि त्या समाधानाची त्याला दुपारपर्यंत लाजही वाटली नाही.

कचेरी सुटायच्या सुमाराला वीरण्णाकाकांचा फोन आला. आवाज ओळखू येऊ नये इतका खोल गेलेला.

"बंद म्हनून लिवलं म्हनं तुमी."

"काका, ते खरं होतं. बंदच होता."

"व्हय, खरंच हाय. सकाळच्याला परत आलेली सगळी एकदमच उठली. आमी लई धरलं, आडवं झालो. अयोध्याच्या पदराला धरून मी गल्लीभर गेलो. वावरापाशी गेली तर तार. उभी ऱ्हायली तारेपुढं, लेकरं बी उभी ऱ्हायली. मग वढ्यातनं गेली समदी. वढा भरून वाहतोय, साहेब. अयोध्या पुन्यांदा त्यातनंच गेली."

संगमेशच्या तोंडून सवयीनं 'अरेरे' निघून गेलं.

"खरं लिवायचं तर पैल्यांदाच लिवायचं व्हतं, संगमेशप्पा," काका म्हणाले. साहेब म्हणाले नाहीत. "आन् एक सांगायचं ऱ्हायलं. तुमचे वडील त्यात नव्हते. ते काय माघारी आलेच न्हाईत."

दिवेलागणीला तो घरी आला. सकाळी जाताना आईला बजावून लावायला लावलेली कडी काढलेली होती आणि दार सताड उघडं होतं. आत दिवा लावलेला. जगदेवीबाई लगबगीनं बाहेर आल्या. केस विंचरलेले, अंगावर ठेवणीतलं इरकल, आणि चेहऱ्यावर इतक्या वर्षांत न दिसलेलं हसू. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला हाताला धरून उंबऱ्याच्या आत घेतलं.

"हळू बोल. ते आलेत. दुपारधरनं बसलेत, पानीसुदिक न्हाई घेतलं."

आतल्या खोलीच्या दारातून त्याला फक्त एक गुडघा दिसत होता, मांडी घातलेला, धोतर मातीनं भरलेलं.

"काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

म्हातारीचं हसू किंचित मावळलं. ती थोडी गोंधळल्यासारखी झाली.

"तुला नावानं न्हाई हाक मारली रं. साहेब हायत का घरात, म्हनून इचारलं. म्हनले, आमचा रस्ता बंद हाय, साहेबांकडं तक्रार घिऊन आलोय."